पेट्रोल गाडी बंद करायच्या आधी गावातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बघा

शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षकभाऊंचा प्रश्न असा आहे: "माझी २०१३ ची पेट्रोल गाडी आहे. शाळेला रोज येऊन-जाऊन साठ किलोमीटर पडतं. गावात सगळे सांगतात की २०३० नंतर सरकार पेट्रोल गाड्या बंद करणार, आता इलेक्ट्रिकच घे. सरकारने अशी सक्ती करावी का? आणि मी नेमकं काय घ्यावं?"

भाऊ, या प्रश्नात दोन गाठी एकमेकींत अडकल्या आहेत. काय घ्यावं ही तुमच्या घरची गाठ आहे. ती रोजचं अंतर, घरचं मीटर आणि खिसा बघून सुटते. सक्ती करावी का, ही आपल्या सगळ्यांची गाठ आहे. मी दुसरीवर जास्त बोलणार आहे, कारण गावात भीती तिचीच आहे आणि त्या भीतीपोटी माणसं घाईने गाड्या विकतायत, घाईने घेतायत. तुमच्या साठ किलोमीटरचा हिशोबही पुढे मांडतो.

धुळ्यात पारोळा रोडला १९९६ पासून माझं गॅरेज आहे. कार्बोरेटर साफ करण्यापासून सुरुवात केली. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, बीएस-सिक्स हे धुराचं कडक मानक आलं, आणि २०२१ पासून हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेऊन इलेक्ट्रिक गाड्यांवरही काम करतो. आजही माझ्या गॅरेजचा चरितार्थ मुख्यतः पेट्रोल-डिझेलवर चालतो. माझं मत वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

आधी भीतीचं बघू. आपल्या देशात पेट्रोल गाडीची विक्री अमुक तारखेपासून बंद, असा कायदा झालेला नाही. २०१७ साली त्या वेळचे ऊर्जामंत्री पीयूष गोयल यांनी २०३० पर्यंत सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करायची भाषा केली होती. २०१९ मध्ये नीती आयोगाने सुचवलं की २०२३ पासून तीनचाकी आणि २०२५ पासून १५० सीसीच्या आतल्या दुचाकी फक्त इलेक्ट्रिकच विकाव्यात. दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला आणि ते तिथेच थांबलं. आता केंद्राचं आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाचं बोलणं २०३० पर्यंत नव्या गाड्यांत सुमारे तीस टक्के इलेक्ट्रिक असाव्यात, इतकंच आहे. ते लक्ष्य आहे, बंदी नव्हे. तुमच्या २०१३ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत. त्यानंतर फिटनेस पास झाली तर पाच हजार रुपये भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. दिल्ली परिसरात दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल, असा न्यायालयाच्या आदेशांतून आलेला वेगळा नियम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे बहुतेक निरोप तिथले असतात आणि ते एमएच १८ च्या पाटीला लागू होत नाहीत.

पण तुमचा प्रश्न "उद्या केली तर?" असाही आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. साक्रीकडचे एक म्हातारे गिऱ्हाईक आहेत, पूर्वी जीप चालवायचे. ते मला म्हणाले, "भाऊ, सरकार आपले ईचारीसन कायदा करस का?" विचारून करत नाही, हे खरं. पण गाड्यांच्या बाबतीत सक्ती आपण आधीही पाहिली आहे, आणि कोणती रुळली, कोणती टोचली, हे माझ्या गॅरेजच्या दारात दिसलेलं आहे.

बीएस-सिक्स आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिल २०२० पासून बीएस-फोर गाडी विकायची नाही. मधली बीएस-फाइव्हची पायरी आपण गाळलीच. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आणायचं होतं, ते काम रिफायनरीचं. गाडीत नवे सेन्सर, नवे फिल्टर बसवायचे होते, ते काम कंपनीचं. गिऱ्हाइकाला गाडी महाग पडली, लहान डिझेल गाड्या जवळपास संपल्या, मला स्कॅनर घ्यायला कर्ज काढावं लागलं. पण ज्याच्या दारात जुनी गाडी उभी होती त्याला कोणी हात लावला नाही. सक्तीचं ओझं कंपनीवर होतं, तारीख आधीपासून माहीत होती. म्हणून ती रुळली.

तरी तिच्यातही एक खोट निघाली, आणि ती आपल्या भागाची आहे. बीएस-सिक्स डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी मधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग जोरात पळावी लागते. माझ्याकडे भाजीपाल्याचे एक व्यापारी यायचे. घर ते मळा चार किलोमीटर, मळा ते बाजार सहा किलोमीटर. फिल्टर वर्षात दोनदा तुंबला. गाडी चांगली होती, माणूस काळजी घेणारा होता, पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अशी वापरणूक नव्हती. आता मी अशा गिऱ्हाइकाला दर पंधरा दिवसांनी सोनगीरपर्यंत चक्कर मारून यायला सांगतो.

दुसरी सक्ती एथेनॉलची. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के एथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. मक्याला आणि उसाला गिऱ्हाईक मिळालं, आपल्या शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, आणि मला त्याचा आनंद आहे. पण एथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीचं मायलेज थोडं उतरणारच. लोकांचा राग त्या थोड्या उतरण्यावर नव्हता. पंपावर दुसरी नळीच नव्हती, म्हणून होता. २०१३ ची गाडी वीस टक्क्यांसाठी बनलेली नाही हे कंपनीच्या पुस्तकात छापलेलं आहे, आणि तरीही त्या माणसाला पर्याय नाही. इथे ओझं थेट वापरणाऱ्यावर पडलं, तेही त्याने गाडी घेतल्यानंतर. फरक तुमच्या लक्षात येईल.

तिसरी सक्ती आपल्या दारातली नाही, पण शिकण्यासारखी आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सगळ्या बसगाड्या मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर न्यायला सांगितलं. आदेश मोजक्या, मार्ग ठरलेल्या वाहनांवर होता, हे शहाणपणाचं होतं. पण गॅस आणि पंप वेळेत पुरले नाहीत. बस आणि रिक्षावाले गॅससाठी लांबच लांब रांगांत उभे राहिले, आणि डिझेलच्या शेवटच्या बस २००२ च्या अखेरीस गेल्या. हवा सुधारली. रांगेतल्या ड्रायव्हरचे बुडालेले दिवस मात्र कोणी भरून दिले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: सक्ती करायची तर ज्याला ती पेलते त्याच्यावर करा, आणि तार ओढल्यानंतर करा. गाडी बनवणाऱ्यावर करा, सरकारने स्वतःच्या गाड्यांवर करा, शहरातल्या टॅक्सी आणि मालवाटपाच्या गाड्यांवर करा. शाळेत जाणाऱ्या शिक्षकावर आणि मका घेऊन बाजार समितीत जाणाऱ्यावर सगळ्यात शेवटी.

यात बाहेरचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या दहा गाड्यांतल्या जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, तेही बंदीचा कायदा न करता. तिथे इलेक्ट्रिकवर कर माफ आणि पेट्रोलवर भरमसाट कर, असं वीस-पंचवीस वर्षं चाललं. पण तो श्रीमंत देश आहे आणि वीज धरणांची. आपल्याला नेपाळ जवळचा: तिथेही धरणांची वीज, करातला फरक, आणि बाहेरून येणाऱ्या लहान गाड्यांत आता इलेक्ट्रिकच जास्त. चीनने कंपन्यांना २०१९ पासून इलेक्ट्रिकसारख्या गाड्या बनवून ठरावीक गुण मिळवायची अट घातली. ब्रिटनने मात्र २०३० ची तारीख २०३५ केली आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २०३० वर आणली. तारखेची अशी ओढाताण झाली की कारखानदार पैसे घालत नाही आणि गिऱ्हाईक गाडी घेत नाही. तारीख उशिराची चालेल, पण एकदा दिली की हलवू नये.

आता खानदेशाचं. मुंबई-पुण्यातल्या चर्चेत हा भाग येतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये, नवी चारचाकी घेणारी घरं कमी आहेत. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या असतात. नाशिक-पुण्याच्या असतात, सुरत जवळ असल्यामुळे जीजे पासिंगच्या एनओसी घेऊन आलेल्या असतात. शहरातला माणूस पाच-सहा वर्षं वापरतो, मग ती गाडी आपल्याकडे येऊन आणखी दहा वर्षं चालते. त्यामुळे नव्या गाडीवरचा कोणताही नियम आपल्या गावात उशिराने पोचतो, आणि जुन्या गाडीच्या रूपाने पोचतो. उद्या २०३५ ला नवी पेट्रोल गाडी बंद झाली असं धरा. त्या दिवशी दोंडाईच्यात काहीच बदलणार नाही. २०४० च्या सुमाराला मात्र आपल्या बाजारात शहरांनी वापरून टाकलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांची रांग लागेल. त्यांच्या बॅटऱ्या कशा असतील, हा आपला खरा प्रश्न आहे.

याची चव मी घेतली आहे. गेल्या वर्षी दोंडाईच्याकडचं एक कुटुंब चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आलं. एका शहरातल्या दलालाकडून स्वस्तात मिळाली होती. बाहेरून नवीकोरी. पूर्ण चार्ज करून नव्वद किलोमीटरला धापा टाकायची. माझ्या स्कॅनरवर बॅटरीची तब्येत दिसेना, कारण ती माहिती कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते. नाशिकला नेल्यावर कळलं की गाडी आधी टॅक्सीला होती, रोज फास्ट चार्जिंगवर, आणि किलोमीटर इतके झालेले की वॉरंटी संपलेली. अशा वॉरंट्या साधारण आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत असतात. नव्या बॅटरीचा आकडा ऐकून ताई माझ्यासमोर रडल्या. त्यांनी दागिना मोडून गाडी घेतली होती.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपली माणसं आधी त्याचे दात बघतात, मग चाल बघतात, मग किंमत काढतात. इलेक्ट्रिक गाडीचे दात म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, आणि ती बघायची सोय आज आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या हातात नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये केलेल्या नियमांत बॅटरीची तब्येत चालकाला गाडीतच दिसली पाहिजे अशी अट होती. २०३५ पर्यंत नव्या गाड्यांतून पेट्रोल घालवायचं हे त्याच नियमांत होतं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ते नियम अडवले. तारखेवरून इतकं भांडण झालं की तब्येतीच्या अटीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गाडीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल दाखला लागणार आहे. मला अशी सक्ती हवी आहे. सरकारने कंपनीला सांगावं: तब्येतीचा आकडा मीटरवर दाखवा, बाहेरच्या प्रशिक्षित मिस्त्रीला तो वाचता येऊ द्या, बॅटरीच्या पॅकमधला एक मॉड्यूल (सेलचा एक गठ्ठा) बिघडला तर तेवढाच बदलता येईल असा पॅक बनवा, आणि सुटे भाग विका. या चार गोष्टींचा कायदा झाला तर खानदेशात कोणाला ढकलावं लागणार नाही. लोक स्वतःहून घेतील, कारण चालवायला ती स्वस्त आहे हे त्यांना दिसतं.

सुरक्षेच्या बाबतीत अशी सक्ती झालीही आहे. २०२२ मध्ये स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले आणि ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात ती गरजच होती.

उन्हाचं निघालंच आहे तर सांगतो. भुसावळ-जळगावचा मे महिना बॅटरीला मानवत नाही. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण भरून उन्हात उभी ठेवली तर आणखी लवकर. पत्र्याच्या शेडपेक्षा लिंबाची सावली बरी. दुपारी फास्ट चार्जिंगला लावली की गाडी स्वतःच वेग कमी करते, तेव्हा चार्जर खराब आहे असं समजून भांडू नका. एसी चालू ठेवून उन्हाळ्यात कंपनीने छापलेल्या रेंजमधून तिसरा हिस्सा वजा करा, म्हणजे रस्त्यात फसवणूक होणार नाही. घाटाचं लोक फार भय घेतात. कन्नड घाट चढताना टक्के भराभर उतरतात हे खरं, पण त्याच घाटातून चाळीसगावकडे उतरताना मोटर उलटी काम करून त्यातला काही भाग परत भरते आणि ब्रेक थंड राहतात. लायनर झिजवत घाट उतरणाऱ्या गाड्या मी आयुष्यभर दुरुस्त केल्या, म्हणून मला याचं मोल कळतं.

आता डीपी. हे नीट वाचा, कारण तुमचा निर्णय इथेच व्हायचा आहे.

लहान इलेक्ट्रिक गाडी आपल्या रस्त्यांवर एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली घट धरून मी सहाच धरतो. तुमच्या साठ किलोमीटरला दहा युनिट लागतील. घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी साधारण ३.३ किलोवॅट ओढते, म्हणजे तीन-साडेतीन तासांचं काम. फास्ट चार्जर लागतच नाही. इथवर सगळं छान.

पण गावातली डीपी ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेची असते (केव्हीए म्हणजे ढोबळमानाने तितके किलोवॅट). तिच्यावर आधीच घरं, पिठाची गिरणी, कूलर आणि पाण्याच्या मोटरी. गल्लीतल्या दहा जणांनी संध्याकाळी सातला गाड्या लावल्या तर ३३ किलोवॅट, म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीचा तिसरा हिस्सा. मोठे ७.२ किलोवॅटचे चार्जर बसवले तर ७२ किलोवॅट. मग जम्पर उडतो, नाहीतर डीपीच जळते, आणि मे महिन्यात डीपी जळाली की गाव किती दिवस घामात काढतं ते तुम्हाला सांगायला नको. त्याच दहा जणांनी रात्री बारानंतर टायमर लावला तर डीपीला कळतही नाही. सवयीने अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा डीपीची क्षमता वाढवूनच सुटेल, आणि ते काम सक्तीच्या तारखेच्या आधी झालं पाहिजे.

साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. वीज आपल्या डोळ्यांसमोर तयार होते. त्याच भागातल्या वस्तीत मी संध्याकाळी मीटर लावून १७५ व्होल्ट मोजले आहेत. त्या व्होल्टेजवर चार्जर सुरूच होत नाही. त्या वस्तीतल्या माणसाला "पेट्रोल बंद, इलेक्ट्रिक घे" म्हणणं अन्यायाचं आहे, आणि हे मी इलेक्ट्रिकच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो.

अर्थिंगचं तर कोणी बघतच नाही. आपली काळी जमीन एप्रिल-मेमध्ये हातभर भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, पट्टी मातीला धरत नाही, आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. लोक गाडी माझ्याकडे ढकलत आणतात आणि दोष घरच्या खड्ड्यात निघतो. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला. चार्जिंगच्या पॉइंटला मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की तुटणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंगची पिन कापून किंवा जुगाड करून चार्जिंग करणारे मी पाहिलेत. पावसाळ्यात ओल्या अंगणात गाडीच्या पत्र्याला लेकराचा हात लागला तर काय होईल, याचा विचार करा.

कोळशाचा मुद्दा तुम्ही काढला नाही, पण कोणीतरी काढतोच: भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा जाळून वीज करायची आणि गाडीला हिरवी पाटी लावायची, यात काय मिळवलं? हिशोब करू. आपल्या देशातल्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. सहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम, तारांमधली गळती धरून १४० च्या आसपास. एक लीटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो. पंधराच्या मायलेजने किलोमीटरला दीडशे ग्रॅम, शिवाय ते पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणायचं वेगळं. म्हणजे आजच्या विजेवर फायदा आहे, पण थोडा. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषणही फेडायचं असतं. छपरावर सौर पॅनेल असेल तर मात्र चित्रच बदलतं. गल्लीतला धूर आणि आवाज कमी होतो हा फायदा पहिल्या दिवसापासून. धुळ्याच्या फुलवाला चौकात दिवसभर उभ्या राहणाऱ्या हातगाडीवाल्याला तो पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त कळतो.

सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी म्हणालो, ते एसटीसाठी. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली आणि पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' त्याच मार्गावर १ जून २०२२ ला. बसचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, रात्री मुक्काम डेपोत. चार्जर लावायला यापेक्षा सोपी जागा नाही. शहादा, चोपडा, अमळनेरच्या डेपोंत मोठी लाइन आली की आजूबाजूच्या गावांना तिथेच चार्जिंग देता येईल. टोलची सवलतही अशीच आपल्या भागाकडे वळायला हवी. सध्याची माफी समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगतीवर आहे, आणि यातला एकही रस्ता खानदेशातून जात नाही. धुळ्याहून नाशिकला निघालेला इलेक्ट्रिकवाला पूर्ण टोल भरतो.

आणि माझ्यासारख्यांचं काय? इलेक्ट्रिक गाडीत ऑइल बदल नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही. माझ्या गॅरेजमधल्या पोरांचे पगार याच कामांवर निघतात. त्यांतल्या दोघांना मी हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलवर काम करायला शिकवलं आहे: आधी बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, ठरलेली मिनिटं थांबायचं, हजार व्होल्टचे हातमोजे घालायचे, मीटरने शून्य बघायचं, मगच हात लावायचा. तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी दुसरी संधी देत नाही. दोंडाईचा, शहादा, चाळीसगावच्या आयटीआयमध्ये हे शिकवणारे हात आणि सराव करायला खरी बॅटरी नसेल, तर कायदा मुंबईत होईल आणि अपघात आपल्या गॅरेजमध्ये.

आता तुमची गाडी. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर दीड हजार किलोमीटर. जुन्या पेट्रोल गाडीला त्यासाठी शंभरच्या आसपास लीटर, म्हणजे दहा हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला अडीचशे युनिट. ते घरच्या वापरावर चढले की वरचा स्लॅब लागतो, तरी माझ्या अंदाजाने बिल साडेतीन हजारांच्या आसपास वाढेल. महिन्याला साडेसहा हजार वाचतात. पण सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि इलेक्ट्रिकवर तो आधीपासून पाच आहे, म्हणजे पूर्वी पेट्रोलवर जो जड कर होता त्यामुळे इलेक्ट्रिकला मिळणारा टेकू कमी झाला. किमतीतला फरक साडेतीन लाख निघाला तर तुमच्या वापराने तो साडेचार वर्षांत भरून निघतो. रोजचं अंतर पंधरा किलोमीटर असतं तर मी तुम्हाला पेट्रोलच सांगितलं असतं.

स्वतःचं घर, मोकळं छप्पर असेल तर तीन किलोवॅटचं सौर पॅनेल बसवा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. दिवसा गाडी शाळेत असली तरी नेट मीटरमुळे दिवसाची वीज रात्री वळती होते. भाड्याचं घर असेल, किंवा महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणं असेल, तर थांबा. २०१३ ची गाडी नीट चालत असेल तर २०२८ पर्यंत ती चालवण्यात काहीही चूक नाही. तोवर रबरी नळ्या आणि फ्युएल पंप एकदा तपासून घ्या, एथेनॉलमुळे जुन्या गाडीत आधी तेच बोलतात.

जुनी इलेक्ट्रिक स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. घ्यायचीच तर कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या तब्येतीचा कागद लेखी मागा. विकणारा द्यायला नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा.

आणि शोरूमला जायच्या आधी एक काम करा. चांगल्या वायरमनला घरी बोलवा. सलग सात दिवस संध्याकाळी सात आणि रात्री बाराला व्होल्टेज मोजून वहीत लिहा. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही लिहा, ते पाचच्या खाली हवं. मीटरवरचा मंजूर लोड किती ते बिलावर बघा आणि डीपीच्या खांबावरचा केव्हीएचा आकडा टिपून घ्या. हे चार आकडे मला कळवा, मग कोणती गाडी आणि कोणता चार्जर ते सांगतो.